खान्देशात गाडीने दहा दिवस: सातपुडा आणि दूरची नाती एकाच फेरीत कशी जमवायची

पहिल्या वेळी आम्ही चार दिवसांत सात घरं ठरवली होती. पुण्यात बसून नकाशावर बोट फिरवलं की चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, चोपडा सगळं एका ओळीत दिसतं. चोपडा तालुक्यातल्या एका गावात आईची चुलत मावशी राहते, तिला सगळे जिजी म्हणतात. संध्याकाळी सातला येतो असं आम्ही तिला सांगितलं होतं. पोहोचायला साडेदहा वाजले, आणि उशीर झाला म्हणून आम्ही अमळनेरला जेवूनही घेतलं होतं. ते कळवायचं मात्र कोणाला सुचलं नाही. घरात शिरलो तर मोठ्या परातीत धोतराच्या फडक्याखाली खापरावरच्या पुरणपोळ्यांची चळत झाकून ठेवलेली. हातभर रुंदीच्या पोळ्या. ज्यांनी ते काम पाहिलंय त्यांना माहीत आहे: पुरण भरलेला उंडा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. जिजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. आम्ही एकेक घास घेतला आणि वीस मिनिटांत निघालो, कारण रात्रीचा मुक्काम दुसऱ्या घरी ठरला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही तीच फेरी नीट केली. दहा दिवस, चारच घरं, पुणे ते पुणे चौदाशे किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या वेळी जे जमलं ते इथे पायरीपायरीने लिहिते. ज्यांचं मूळ खान्देशात आहे आणि जाणं-येणं सुटलंय, त्यांच्यासाठी हे आहे.

## १. नकाशा नंतर, आधी माणसांची यादी

कोणाकडे जायचं हे ठरवायला सगळ्यात उपयोगी पडली ती आईच्या लग्नातली आहेराची वही. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रत्येक ओळीत नाव, गाव आणि आहेर: ‘५ रु.’, ‘तांब्या’, ‘खण’. कोणतं घर आपल्याला किती जवळचं होतं ते त्या ओळींवरून कळतं. दुसरा आधार म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. मागच्या बाजूला निमंत्रकांची जी लांबलचक यादी असते, तिच्यात अर्धी भाऊबंदकी सापडते.

हे दोन्ही नसेल तर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला आलेल्यांची नावं आणि गावं त्यांच्या वह्यांत लिहिलेली असतात. त्यासाठी मूळ गाव, आडनाव आणि निदान आजोबा-पणजोबांचं नाव माहीत हवं.

यादी झाली की त्यातली चार घरं निवडा. ‘आता एवढ्या लांब आलोच आहोत तर’ असं म्हणून पाचवं घर घालायचा मोह होतो. तो आवरा.

आणि शक्य असेल तर घरातलं एक वयस्कर माणूस बरोबर न्या. आमच्याबरोबर आई होती. तिच्याशिवाय गेलो असतो तर आम्ही फक्त पाहुणे होतो. ती असल्यामुळे दाराशीच ‘अरे, ही तर अमक्याची लेक’ असं झालं आणि पुढचं सगळं सोपं झालं.

## २. गाव नक्की करा

हा सगळ्यात मोठा फसवा भाग आहे. एकाच नावाची गावं खान्देशात ढिगाने आहेत. बुद्रुक आणि खुर्द सगळ्यांना माहीत असतं, पण इथे गावाच्या नावापुढे ‘प्र.’ लावून आणखी अक्षरं येतात. प्र. म्हणजे परगणे. एकट्या चाळीसगाव तालुक्यात टाकळी प्र. चा. आणि टाकळी प्र. दे. ही दोन वेगळी गावं आहेत. मोबाइलवर नुसतं ‘टाकळी’ टाकलं तर तो नेईल तिथे जाल. म्हणून नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवा आणि शिवाय जवळच्या एसटी फाट्याचं नाव लिहून घ्या. फाट्यावर विचारलेला रस्ता सहसा चुकत नाही.

दुसरा घोळ माणसांच्या नावांचा. आबा, नाना, आप्पा, तात्या, भाऊ ही नावं प्रत्येक घरात असतात. ‘आबा पाटलांचं घर कुठंय?’ असं पारावर विचारलंत तर उलट प्रश्न येईल, ‘कोणते आबा?’ पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आणि गल्ली किंवा घराची खूण एवढं तरी जवळ ठेवा. आमच्या एका घराची खूण ‘मारुतीच्या पाराच्या मागे, निळा दरवाजा’ अशी होती आणि तेवढ्याने काम झालं.

## ३. कोणत्या महिन्यात जायचं

मार्च अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जाऊ नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी वरही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर तो विचारच नको. अपवाद एकच, आखाजी. अक्षय्य तृतीयेला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आमरस आणि खापराची पोळी होते. एरवी दहा गावांत विखुरलेल्या आत्या-मावश्या एका घरात भेटायच्या असतील तर हा दिवस, पण मग फिरणं विसरा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तेव्हा भाऊबंदकी एकत्र येते आणि तिच्या नैवेद्याचे रोट होतात. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून त्या दिवशी तुमचं नातं कोणत्या बाजूचं आहे हे आधी विचारा. आईकडच्या घरी गेलात आणि रोटाचं ताट तुमच्यापुढे आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

डोंगर आणि माणसं दोन्ही हवी असतील तर दोन काळ चांगले. ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर: सातपुडा हिरवा, धबधबे वाहते. नोव्हेंबर ते जानेवारी: हवा छान, भरिताची वांगी आलेली, नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या. आम्ही नोव्हेंबरचा शेवट धरला. पण तेव्हा कापूस वेचणी असते, घरची माणसं दिवसभर शेतात. शेतीची लाइट रात्रीची असली तर पुरुषमंडळी रात्री पाणी भरायला जातात. दुपारी दोनला दारात उभे राहिलात तर कुलूप दिसेल. संध्याकाळी पाच-सहाची वेळ बरोबर.

## ४. रस्ता कसा आखायचा

माझं ठाम मत आहे की एका दिवसात एकच गोष्ट ठरवावी: एक घर किंवा एक ठिकाण. सकाळी पाहायचं ते पाहा आणि संध्याकाळी घरी पोहोचा. घर दुपारी आणि डोंगर संध्याकाळी असं उलटं केलं तर दोन्ही हातचं जातं. घरातून निघणं तुमच्या हातात नसतं.

आमचा क्रम असा होता.

पहिला आणि दुसरा दिवस: पुणे, छत्रपती संभाजीनगर, कन्नड घाट, चाळीसगाव. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना खाली पसरलेला खान्देश दिसतो. हाच औट्रम घाट. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे ना ते विचारा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस इथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणादेवी. चाळीसगावपासून अर्ध्या-पाऊण तासावर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात. मंदिर जुनं आहे, आणि ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने याच पाटण गावी मठ उभा केला, त्याचा शिलालेख इथे आहे. मुलं गणिताला कंटाळत असतील तर इथे थोडा वेळ द्या. पावसाळ्याच्या शेवटी धवलतीर्थ धबधबाही पाहता येतो.

तिसरा दिवस: पाचोरामार्गे जळगाव. जळगावला लागूनच आसोदा आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. जळगाव त्यांचं सासर. मूळ बेत अजिंठा पाहून जळगावला उतरायचा होता, पण त्या दिवशी सोमवार होता आणि सोमवारी लेणी बंद असतात. वार बघून दिवस मोजा.

चौथा आणि पाचवा दिवस: भुसावळ, मुक्ताईनगर, रावेर, पाल. तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे योगी चांगदेवांचं देऊळ आहे (पाटणचा चांगदेव वेगळा), काळ्या दगडाचं, संगमाकडे तोंड करून. आम्ही सकाळी आठला होतो. हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी, त्यावर धुकं आणि पाणपक्षी. संपूर्ण प्रवासात मी सगळ्यात जास्त वेळ नुसती बसले ती इथे. पाल हे रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, तिथे दुपार काढली. एखादा दिवस हाताशी असेल तर रावेरहून बऱ्हाणपूर जवळ आहे. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खान्देशच्या फारुकी सुलतानांचं ते शहर.

सहावा आणि सातवा दिवस: फैजपूर, यावल, चोपडा. हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. उजव्या हाताला सातपुडा सतत बरोबर चालतो, डाव्या हाताला केळीच्या बागा. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. पुढे डोंगराच्या पायथ्याशी मनुदेवी, आणि अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा; आईच्या गुडघ्यांना तो फार आवडला. मग जिजींकडे दोन रात्री.

आठवा आणि नववा दिवस: शिरपूर, शहादा, तोरणमाळ. याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

दहावा दिवस: प्रकाशा, नंदुरबार, धुळे, आणि घर. प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम आहे. नंदुरबारमध्ये चले जाव चळवळीत गोळीबारात गेलेल्या शाळकरी शिरीषकुमारांचं स्मारक, ९ सप्टेंबर १९४२ ची आठवण. हा दिवस आम्ही फार लांब केला. तुम्ही धुळ्यात एक रात्र घाला आणि दुसऱ्या दिवशी राजवाडे संशोधन मंडळ व जुन्या हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर पाहून निघा.

रस्त्याची एक ताकीद. अंधार पडल्यावर या भागात गाडी चालवू नका. ऊस-कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, सावदा-रावेर पट्ट्यात केळीचे ट्रक असतात, गावागावाच्या तोंडाशी पट्टे न मारलेले गतिरोधक असतात. आम्ही एका रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीच्या मागे दोन हातांवर येऊन थांबलो. त्या दिवसापासून या भागात सहानंतर गाडी बंद.

## ५. कळवायचं कसं

पंधरा दिवस आधी एक फोन, दोन दिवस आधी दुसरा, आणि निघताना तिसरा. फोन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला करा, मग भले लोकेशन नातू पाठवेल. तीन गोष्टी स्पष्ट सांगा: किती जण आहोत, जेवायला आहोत की नाही, आणि मुक्कामाला आहोत की नाही. ‘सहज डोकावून जातो’ हे खान्देशात चालत नाही. डोकावायला आलेल्या माणसासाठीही चूल पेटते.

फोनवर आणखी एक विचारा, जरा हळू आवाजात: मधल्या काळात घरात किंवा भाऊबंदकीत कोणी गेलंय का? गेलं असेल तर आधी त्या दारावर जायचं, मग बाकीच्या घरी. दारावर जाताना मिठाई, साडी, आहेर काही न्यायचं नाही. आम्हाला हे पाचोऱ्याजवळच्या गावात ऐन वेळी कळलं आणि पेढ्यांचा पुडा गाडीतच ठेवावा लागला.

## ६. गाडी, कागद, सामान

गाडीची सर्व्हिसिंग निघण्याच्या आठ दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. काही राहून गेलं तर ते शहरातच लक्षात येतं. स्टेपनीत हवा आहे ना ते स्वतः पाहा. जवळ हे ठेवा:

- चालवणाऱ्या सगळ्यांची लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. मोबाइलमध्ये असतील तरी छापील प्रती, कारण डोंगरात नेटवर्क जातं.
- फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे, आणि वेगळी रोकड, सुट्ट्या नोटांसह.
- लॉजसाठी सगळ्या मोठ्यांची आधारकार्डं.
- म्हाताऱ्या माणसांची औषधं दोन ठिकाणी विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- मोठा थर्मास, पाण्याचा कॅन, टॉर्च.
- एक वही आणि पेन. नातं समजावून सांगितलं जातं ते त्याच क्षणी लिहिलं नाही तर घाटाखाली उतरेपर्यंत विसरतं.

## ७. काय घेऊन जायचं

महाग वस्तू नेऊ नका, ती परतफेडीचं ओझं होते. मोठ्या बाईला साडी किंवा खण-नारळ, मोठ्या पुरुषाला टॉवेल-टोपी, घरात खाऊ. पोरांच्या हातावर निघताना पैसे ठेवा. मुख्य म्हणजे सगळं दोन-तीन नग जास्त ठेवा, कारण एका घरी गेलात की शेजारचे भाऊबंद ‘आमच्याकडं येत नाहीत का?’ म्हणणारच, आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो जुन्या फोटोंचा. आईच्या लग्नातले सहा फोटो मी मोठे करून नेले होते. जिजींनी त्यातला एक हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला आणि मागच्या रांगेतल्या बायकांची नावं एकेक करून सांगितली. आईलाही त्यातली चार माहीत नव्हती.

## ८. घरात गेल्यावर

चहा नाकारू नका, पण ‘अर्धाच’ म्हणा. एका संध्याकाळी आम्हाला सात घरी चहा झाला. भाऊबंदकीत दोन घरांचं पटत नसेल तर दोन्हीकडे सारखा वेळ बसा आणि एकीकडचं दुसरीकडे बोलू नका.

बोली बदलत जाते, तिची मजा घ्या. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, शहाद्याकडे गुजरांची गुजरी. ‘बठा ना, जेवण करीसन जा’ हे ऐकलंत की निघायची घाई सोडा. उत्तर पुण्याच्या मराठीत दिलंत तरी चालतं. तोडकीमोडकी अहिराणी बोललात तर घर हसतं आणि जवळ घेतं.

जेवण तिखट असतं. शेवभाजीचा रस्सा, मिरचीचा ठेचा, फौजदारी डाळ. मुलांसाठी फिकं वरण आणि बट्टी मागायला संकोच नको. हिवाळ्यात भरीत होणार असेल तर स्वयंपाक सुरू व्हायच्या आधीच शेतात किंवा अंगणात जा. कपाशीच्या काड्यांची आग, तिच्यात हिरवट लांबट वांगी साल काळी होईपर्यंत भाजायची, सोलून खोलगट लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुऱ्या. काम करायला हात पुढे करा. पाहुणा सोलायला बसला की गप्पा वेगळ्याच होतात.

झोपायची व्यवस्था जशी असेल तशी घ्या. वयस्कर माणसाला कमोड लागत असेल तर मात्र आधी विचारा आणि नसेल तर मुक्काम जवळच्या तालुक्याच्या गावी लॉजवर करा. हे फोनवरच मोकळेपणाने सांगितलं तर कोणी रागावत नाही. रात्री नऊला सांगितलं तर दुखावतात.

## ९. तोरणमाळ

शहाद्याला टाकी पूर्ण भरा, रोकड काढा, खाण्याचं घ्या. वर पंप, एटीएम यांच्यावर विसंबून राहू नका. सकाळी लवकर निघा म्हणजे सातपायरी घाट उन्हं वर येण्याआधी चढून होतो. वळणं तीव्र आहेत. खालून वर येणाऱ्याला आधी जाऊ द्या आणि उतरताना गिअरवरच उतरा. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ. महाशिवरात्रीला मोठी यात्रा असते, तेव्हा शांतता मिळणार नाही.

हा आदिवासी भाग आहे, भिल्ल आणि पावरा लोकांचा. पाड्यावर फोटो काढण्याआधी विचारा. आम्ही एक रात्र राहिलो. थंडी एवढी होती की गाडीतल्या चादरी, आहेराचे उरलेले टॉवेल, सगळं अंगावर घेतलं. नोव्हेंबरात जाणार असाल तर स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा.

## १०. परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत फोटो कागदावर छापून टपालाने पाठवा. मोबाइलवर पाठवलेले फोटो नातवाच्या फोनमध्ये राहतात, म्हाताऱ्या माणसांच्या हातात पोहोचत नाहीत. वहीत लिहिलेली नाती एका मोठ्या कागदावर उतरवा आणि जिथे प्रश्नचिन्ह राहिलं असेल त्यासाठी फोन करा. फोन करायला ते चांगलं निमित्त होतं. आहेराच्या वहीची शेवटची काही पानं कोरी होती, तिथे मी या वेळची घरं तारखेसह लिहिली.

आणि पोहोचल्याचा फोन त्याच रात्री करा, कितीही वाजले असले तरी. आम्ही धुळ्याहून निघून पुण्यात शिरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. एवढ्या रात्री कशाला उठवायचं म्हणून मी थांबणार होते, आईने नंबर लावायला लावला. पहिल्याच घंटीला जिजींनी फोन उचलला.